उचकी आणि प्रारब्ध

दुखणे प्रारब्धाचे म्हणून मुकाट्याने सोसावे, की वैद्यापुढे तोंड उघडावे? कुरवंड्याकडील एका वृद्ध माळकऱ्यामुळे आम्हांस हा प्रश्न पडला. त्यांच्यावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत. लोणावळ्याहून गाडीने इस्पितळात जातात, केमोची सलाईन घेऊन परततात. मग तोंड येते, अन्न मातीसारखे लागते. ते सारे त्यांनी सोसले. पण पाठोपाठ उचकी लागते, ती तीन-तीन दिवस राहते. घास उतरत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही.

“डॉक्टरांस सांगितलेत का?” आम्ही विचारले.

“एवढा मोठा रोग, आन् उचकीचं काय रडगाणं गायचं? भोग हाय, भोगायचा.”

आणि पुढची सलाईन घ्यायचीच नाही, असे मनात धरून बसलेले!

सज्जनहो, जी उचकी सांगण्याजोगी नाही, तिच्याच पायी उपचार सोडायचा, ही कसली सहनशीलता? चरकाने हिक्केचे पाच प्रकार सांगितले. त्याने तिला क्षुल्लक मानले नाही. छाती-पोटामधला पडदा झटक्याने आकसतो आणि घशाचे दार मिटते, ती उचकी. दोन दिवसांवर टिकली तर कारण शोधावे, असे आजचे वैद्यक म्हणते. केमोने उलट्या होऊ नयेत म्हणून देतात ते डेक्सामेथासोनच कित्येकदा तिचे मूळ असते. डॉक्टर ते बदलू शकतात, उचकीवर निराळी गोळी देऊ शकतात. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नये. पण रोग्याने सांगितलेच नाही, तर डॉक्टरांस कळावे कसे?

रामकृष्ण परमहंसांस घशाचा कॅन्सर झाला. त्यांनी डॉ. महेंद्रलाल सरकारांचे उपचार घेतले, आणि १८८६ साली त्याच दुखण्यात देह ठेवला. रोग हटला नाही, हे खरेच. सांगून, औषध घेऊन जे उरेल, त्याला खुशाल प्रारब्ध म्हणा. आधीच कसे ठरवता?

घरची मंडळी म्हणतात, “कोण आठवण काढतंय बघा!” पहिल्या दिवशी ठीक आहे. तिसऱ्या रात्री ही थट्टा उशाशी बसून करून पाहावी.

आता तर ते एकादशीच्या भजनासही येत नाहीत. नाम मध्येच तुटते, म्हणून लाजतात. टाळकरी मंडळींनी त्यांना घरून घेऊन यावे, मागे भिंतीशी नव्हे, ओळीत उभे करावे. ठेका चुकलाच, तर पखवाजवाले सावरून घेतील.