शोक आणि सेवा

आप्तवियोग विसरण्यासाठीं माणूस लोकसेवेस लागतो, असें आपण सहज म्हणून जातों. हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

लंडनच्या उत्तर केन्सिंग्टन भागांतील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर पेटली आणि ७२ माणसें दगावलीं. बाहेरून बसविलेल्या ज्वालाग्राही आच्छादनामुळें आग झपाट्यानें वर चढली; आंतील रहिवाशांना मात्र पहांटे पावणेतीनपर्यंत ‘घरांतच थांबा’ असें सांगण्यांत येत होतें. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्यापैकीं कित्येकांनीं, बचावलेल्यांसह, ‘ग्रेनफेल युनायटेड’ ही संस्था उभी केली, परस्परांस आधार दिला, आणि इतरांचीं घरें तरी निर्धोक व्हावींत म्हणून सरकारदरबारीं खेटे घातले. इंग्लंडांतील सामाजिक घरांविषयींचा २०२३ चा कायदा होण्यास त्यांची चिकाटी पुष्कळच कारण झाली. दर महिन्याच्या चौदा तारखेस तीं मूकपणें रस्त्यानें चालत. विसरावयाचें असतें तर ती तारीख महिन्यामागून महिना कोणी कशाला पाळली असती? आपल्याकडील मासिक श्राद्ध तरी विस्मरणासाठीं थोडेंच असतें!

याहून वाईट म्हणजे, अशा सेवेची स्तुति करणारे तिलाच क्षमा समजूं लागतात. हे सारे मृत्यु टाळतां आले असते, असें चौकशीच्या अंतिम अहवालानें सप्टेंबर २०२४ मध्यें सांगितलें. तेवढें ऐकावयास सात वर्षें लागलीं. बहिणीनें शेजाऱ्यांचे डोळे पुसले म्हणून तिच्या भावाच्या जिवाचें देणें फिटत नाहीं. आणि तिचा गौरव करणाऱ्यांतच कधीं कधीं ऋणकोहि बसलेला असतो.