पेटी कुठं गेली?

रेडिओच्या जुन्या टेपा आता बाहेर निघतायत. ऐकणारे म्हणतात, हा बघा त्या काळचा माणूस, ही त्याची गाणी, हे त्याचं हसणं. सामान्य जनजीवन! मला या 'सामान्य'चीच झडती घ्यायचीय. सामान्य कोण, हे ठरवलं कुणी?

एकच पुरावा देतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. म्हणे ती परदेशी, तिच्यातून मींड निघत नाही. शास्त्राचा मुद्दा खराही असेल. पण आमच्या भजनात पेटी, जलशात पेटी. उद्या कुणी त्या एकतीस वर्षांच्या टेपा ऐकल्या, तर त्याला वाटेल या देशात पेटी वाजतच नव्हती. टेप खोटं बोलत नाही. पण टेपपुढं कुणाला बसवायचं, हे माणूस ठरवतो.

मी सूतगिरणीत आहे. मशीनच्या आवाजात आम्ही ओठ वाचून, हातवारे करून बोलतो. तिथं टेप लावली तर नुसती घरघर येईल. म्हणून काय आम्ही मुके?

१९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांना कात्री लागली. लोकांनी सरळ काटा फिरवला, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकली. १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. लोकांच्या कानात ताकद आहे ती अशी. पण गोम इथंच आहे. कान म्हणून आम्ही मोजले गेलो. तोंड म्हणून किती?

३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब याच आकाशवाणीवरून बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, बुद्धाकडून घेतली, असं त्यांनी सांगितलं. त्यात बंधुतेला त्यांनी सगळ्यात वरची जागा दिली. मला त्याचा अर्थ असा लागतो: घरोघर रेडिओ पोचला म्हणजे बंधुता आली असं नाही. दुसऱ्याचा आवाज माझ्याइतकाच जपण्यालायक मानणं, ही बंधुता.

आता हीच फूटपट्टी आपल्याला लावू. आपल्या सभेत मोबाइल वर होतो तो पुढाऱ्यासाठी. मागं चटईवर बसलेल्या, भाकरी बांधून आलेल्या बायांचं कोण टिपतं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार गेल्या, मुलाखती घेतल्या, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. त्या गेल्या नसत्या तर आपणही म्हटलं असतं, बाया चळवळीत नव्हत्याच. मग आपल्यात नि त्या पेटीबंदीवाल्यात फरक काय?

कुणी म्हणेल, आपली गाणी गळ्यात जपलीत, टेप कशाला? खरंय. वामनदादा कर्डकांचं गाणं गावोगावच्या गळ्यांनी जगवलं. पण गळा गाणं जपतो. आधी गाणाऱ्याचा दम, त्याचा खोकला, समोरच्या माणसांची दाद जपत नाही. ते गेलं की गेलं.

तेव्हा दोस्तांनो, भाषणं टिपा, पण नळावरचं भांडणही टिपा. म्हातारीची ओवी टिपा, नाक्यावरची थट्टा टिपा. आधी विचारा, मग बटण दाबा. नको म्हणाली तर तिचं नको हाच तिचा हक्क. आणि तिची भाषा सुधारू नका. आपल्याला सुधारून घेणारे आजवर पुष्कळ भेटले. ऐकून घेणारे कमी.