बूच उघडावं का?

टेबलावर चकमकीची इंग्लिश रायफल, तोंडातून दारू ठासायची. भाचीकडे संग्रहालयाच्या नोंदीचं काम आहे. मामांची हयात कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करण्यात गेली.

"नळी आणि मागची पट्टी यांच्यात फट दिसते, मामा. म्हणजे बुडाचं बूच हुकाचं. पाचर काढली की नळी दस्त्यातून सुटेल. पण बूच आतून सपाट, की हेन्री नॉकच्या १७८७च्या पेटंटसारखं? त्यात मागे छोटा कप्पा असतो, आग आधी तिथे लागते आणि मग पुढच्या दारूत घुसते. उघडल्याशिवाय कसं लिहू?"

"सांध्यावरची छिन्नीची रेघ बघ. अर्धी नळीवर, अर्धी बुचावर, आणि जुळलेली. बूच हललेलं नाही याचा तोच पुरावा. आटे गंजलेत, पाना लावलास की रेघ परत जुळेलच असं नाही."

"म्हणजे पुरावा जपायचा, आणि तो ज्याचा आहे ते बघायचंच नाही? १५४३मध्ये पोर्तुगीज बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचल्या. तिथल्या लोहारांना नळी जमली, बूड बंद करणं जमेना. पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी कारागिराकडून ते शिकले, असं १६०६च्या 'तेप्पो-की'त आहे. उघडून दाखवणारं कुणी भेटलं नसतं तर?"

"त्यांना बंदूक घडवायची होती गं. तुला वहीतला एक रकाना भरायचाय."

"त्याच रकान्यावर पुढचा अभ्यासक विसंबणार आहे."

मला इथे भाचीचं म्हणणं पटतं. 'माहीत नाही' असं लिहून मोकळं होणं कधीकधी निव्वळ आळस असतो. मामाही क्षणभर गप्प झाले.

"गज घाल," ते म्हणाले. "तोंडापाशी खूण कर. आता तोच गज बाहेरून नळीवर धर."

गजाचं टोक बाजूच्या छिद्राच्या दोन बोटं अलीकडेच थांबत होतं.

"कप्पाच आहे! गज बुचाच्या तोंडाला टेकला."

"किंवा आत दारू-गोळी ठासलेली आहे. बूच कुठलं हे उद्या कळलं तरी चालेल. बार आहे की नाही, हे आजच कळायला हवं. उद्या ही रायफल उचलणाऱ्या पोराने तुझ्या-माझ्या वादात भाग घेतलेला नाही."

"मग कारखान्यात वेल्डिंग तपासतात तसला एक्स-रे काढू. शिशाची गोळी असली तर दिसेल, कप्पाही दिसेल."

"तोवर तोंड भिंतीकडे, आणि वर चिठ्ठी: भरलेली समजावी."

"आणि गोळी निघाली तर?"

"छिद्रातून पाणी सोडून दारू भिजवायची, गजाला स्क्रू लावून गोळी तोंडाकडूनच ओढायची. तेही नाही जमलं, तर रेघेचा फोटो काढ, माप घे आणि पाना मला दे. मग त्या रेघेचं मला काही वाटणार नाही."

"नुसता कप्पाच दिसला तर?"

"तर पाना कपाटात. वहीत प्रकार लिही, आणि पुढे 'एक्स-रेवरून, बूच न उघडता' हेही लिही."