सगळंच टॉरमधून?

2007 साली डॅन एगरस्टॅड या स्वीडिश तरुणाने शंभर ईमेल खात्यांचे पासवर्ड इंटरनेटवर जाहीर करून टाकले. त्यांत अनेक देशांच्या वकिलाती होत्या, भारताच्याही. डीआरडीओचे नावही यादीत होते. त्याने कुणाचे कुलूप फोडले नव्हते. टॉर या निनावी जाळ्यातले पाच सर्व्हर त्याने स्वतः चालवले आणि त्यांवरून बाहेर पडणारा मजकूर वाचला, इतकेच.

टॉरची मूळ कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. माहितीवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुप्तलेखनाचे थर चढतात आणि ती स्वयंसेवकांच्या तीन सर्व्हरवरून फिरत जाते. पहिल्याला पाठवणारा ठाऊक असतो, मुक्काम नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, पाठवणारा नाही. पण शेवटचा पापुद्रा तिथेच सोलला जातो, आणि आतला मजकूर मुळात उघडा असेल तर तो सर्व्हर चालवणाऱ्याला सरळ वाचता येतो. एगरस्टॅडने तेच केले. आता बहुतेक संकेतस्थळे मजकूर वाटेत गुप्त ठेवणारे एचटीटीपीएस वापरतात, त्यामुळे हे भगदाड बरेचसे बुजले आहे.

मग फोनची सगळीच वाहतूक टॉरमधून का नेऊ नये? ऑरबॉटसारखे अ‍ॅप ते करून देते. अडचण अशी की फोन गप्प बसत नाही. जीमेल उघडले की गूगलला माणूस कळला. बँकेचे अ‍ॅप तर ओळख पटल्याशिवाय उघडतच नाही. रस्ता कितीही वळणाचा घ्या, दारात पोचून नाव सांगितले तर उपयोग काय! टॉरेंटवाल्यांचे असेच झाले. काही टॉरेंट प्रोग्रॅम खरा आयपी पत्ता संदेशातच लिहून पाठवतात, असा इशारा टॉर प्रकल्पाने 2010 मध्येच दिला होता.

शिवाय टॉर वापरणे हीच एक खूण ठरू शकते. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. एफबीआयला टॉर भेदावे लागले नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होते, एवढे पाहणे पुरले. चौकशीत त्याने कबुली दिली.

या सगळ्याचा विचार ‘टेल्स’ या प्रणालीत दिसतो. ती पेनड्राइव्हवरून चालते, टॉरबाहेर जाणारी वाहतूक अडवते आणि मुद्दाम जपून ठेवलेले सोडून बाकी सारे संगणक बंद होताच विसरते. अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणाऱ्या स्नोडेन प्रकरणातल्या पत्रकारांनी तिचाच आधार घेतला. तिचे खरे बळ या विसराळूपणात आहे. टॉर तर ऑरबॉटमध्येही आहे.

म्हणून ज्याला खरोखर निनावी राहायचे आहे, त्या बातमीदाराने किंवा गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याने त्यासाठी वेगळे यंत्र ठेवावे आणि त्यावर स्वतःच्या नावाचे एकही खाते उघडू नये. आपण काय वाचतो ते इतरांना कळू नये एवढीच इच्छा असेल, तर टॉर ब्राउझर पुरेसा आहे. रोजचा फोन आहे तसाच राहू द्यावा.