कणसरीच्या मुलखातील प्रश्न

१९९२-९३ साली ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, त्याच मुलखात शाळेसमोरच्या दुकानांत आज तेलकट, खारट पुड्यांच्या माळा लोंबत असताना, ती विक्री रोखण्याचा अधिकार शासनाला आहे काय, हा प्रश्न मला आरोग्याइतकाच धर्माचाही वाटतो. २०२० च्या केंद्रीय विनियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीस मनाई केली खरी. पण जव्हारशेजारच्या मोखाडा तालुक्यातील पाड्यापाड्यांतून तिचा अंमल करणार कोण?

आहार हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा विषय, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी मिल यानेही १८५९ च्या आपल्या ग्रंथात अज्ञान मुलांना त्या तत्त्वातून वगळले होते. गीतेचा सतरावा अध्याय आहाराची आवड प्रकृतीनुसार त्रिविध मानतो. परंतु जिची प्रकृतीच अद्याप घडायची आहे, त्या वारली मुलीची रुची पुडी विकणाऱ्याने घडवावी आणि धान्याला कणसरी देवी मानणाऱ्या तिच्या घरातील नाचणीची भाकर तिला नकोशी व्हावी, यात तिचे स्वातंत्र्य कोठे उरले?

म्हणून निर्बंध मला मान्य आहे. मात्र दुकानातील माळ उतरविण्यापूर्वी मधल्या सुट्टीत नाचणीचा लाडू वा उकडलेले अंडे मुलांच्या हाती पडेल, अशी तजवीज सरकारने केलीच पाहिजे.