मुळी आणि प्रमाण

जीवकाची कथा आपल्यापैकी अनेकांनी बालपणी ऐकली असेल. तक्षशिलेला त्याचे वैद्यकाचे अध्ययन पूर्ण होत आले, तेव्हा गुरूंनी त्याला नगराभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली एखादी वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रिक्तहस्ते परतला आणि त्याची विद्या पुरी झाली असे गुरूंनी जाणले. ही कथा सांगताना आपण तिचा अर्थ नकळत बदलतो. प्रत्येक वनस्पती कोणत्या ना कोणत्या व्याधीवर उपयोगी पडते, हे एक विधान. अमुक वनस्पती अमुक व्याधी बरी करते, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. या दोन विधानांतील अंतर ओलांडण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सिकलसेलच्या संदर्भात केवळ तात्त्विक राहत नाही.

ही व्याधी मातापित्यांकडून रक्तातून येते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला ती होण्याची शक्यता चारात एक. रुग्णाचे हिमोग्लोबिनच निराळे असते, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. प्राणवायू सोडल्यावर या हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात, गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून उठणारी वेदना असह्य असते. भारतात या व्याधीची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. मध्य प्रदेश, छत्तीसगड, विदर्भ, गुजरात आणि ओडिशा येथील अनेक समाजांत ती आढळते. ती कशी घडते हे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतीही मुळी हा जन्मजात दोष पुसू शकणार नाही. पेशीचे वाकणे कमी करणारे द्रव्य मात्र एखाद्या वनस्पतीत असू शकते. ‘मुळासकट बरा करतो’ हा दावा म्हणूनच असत्य ठरतो, आणि ‘काही उपयोग होईल का, पाहू’ ही जिज्ञासा रास्त ठरते.

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना आदिवासी भागातील आठवडी बाजारांत जडीबुटी विकणारे मी पुष्कळ पाहिले. एका पित्याने मुलीसाठी मुळ्यांची पुडी घेतली. दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत का, असे विचारता तो म्हणाला, ‘साहेब, गोळ्या आयुष्यभर घ्या म्हणतात. हा तीन महिन्यांत बरं करतो म्हणतो.’ त्याला अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. परंतु तो दोन वचनांची तुलना करीत होता आणि त्याला अधिक दिलासा देणारे वचन त्याने निवडले. दोष निवडणाऱ्याकडे कमी आणि खोटे वचन देणाऱ्याकडे अधिक जातो. जे वचन खरे होते ते धीराने समजावून सांगण्यास ज्यांना सवड झाली नाही, त्यांच्याकडेही काही जातोच.

मग वनस्पतींचा विचारच सोडून द्यावा काय? नायजेरियातील उदाहरण याचे उत्तर देते. तेथे पॉल ओगुन्याले नावाच्या धर्मोपदेशकाकडे सिकलसेलवरील पारंपरिक काढ्याची कृती होती. त्यांनी ती अबुजा येथील राष्ट्रीय औषध संशोधन संस्थेला दिली. तिच्यात आफ्रिकी मिरी, लवंग, ज्वारीची पाने आणि बिबल्याच्या जातीच्या एका वृक्षाचे खोड होते. संस्थेने कृतीची टवाळी केली नाही, तशी ती डोळे मिटून स्वीकारलीही नाही. ‘निप्रिसान’ या नावाने तिची ८२ रुग्णांवर चाचणी झाली. कोणाला औषध आणि कोणाला निष्क्रिय पदार्थ मिळत आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. तीव्र वेदनेचे झटके कमी झाल्याचे आढळले. रक्तक्षयावर मात्र परिणाम दिसला नाही. २००६ मध्ये औषध तेथील बाजारात आले. ते बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे पुरवठा खंडित झाला. गुण दिसूनही औषध रुग्णापासून दुरावले, ते व्यवहाराच्या अपयशाने.

तुरीचीही गोष्ट अशीच. तिच्या बियांच्या अर्कातील फेनिलॲलनिन पेशींचे वाकणे काचनळीत रोखते असे दिसले, आणि त्या अर्काच्या एका औषधाची नायजेरियातच १०० रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष आशादायक परंतु दुर्बळ आहेत. आपल्या रोजच्या वरणाशी त्याची गल्लत करू नये. काचनळी म्हणजे शरीर नव्हे आणि अर्क म्हणजे आमटी नव्हे.

कोणी म्हणेल, ही कसोटी केवळ गरिबाच्या वैद्यालाच का? तसे नाही. व्हॉक्सेलोटॉर हे प्रयोगशाळेत घडलेले औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि हानीच लाभाहून अधिक ठरते असे दिसताच सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. कसोटी सर्वांना एकच असेल तरच ती न्याय्य. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी त्या कसोटीला उतरलेली आहे. तिने झटके कमी होतात. ती सोडवून मुळी देणारा माणूस आशा देत नाही, असलेला आधार काढून घेतो.

आपल्या भाषेत ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: पुरावा आणि मात्रा. औषधाला दोन्ही लागतात. मला वाटते, आशेलाही लागतात. पुराव्यावाचून दिलेली आशा ही फसवणूक होय, आणि पुरावा शोधण्याचे कष्ट न घेता नाकारलेली आशा ही निष्ठुरता. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. त्यातील तपासणीइतकेच मोलाचे काम म्हणजे रानातील जाणत्यांकडे आदराने जाणे, त्यांची मुळी त्यांच्या नावानिशी नोंदवणे, ती निष्ठुरपणे पारखणे आणि निष्कर्ष, तो कसाही निघो, त्यांना व रुग्णांना त्यांच्याच बोलीत सांगणे. उपयोग ठरला तर लाभाचा वाटा त्यांचा. न ठरला तर बाजारात पुडी घेऊन उभ्या असलेल्या पित्याला निदान खरे उत्तर मिळेल. ते त्याचे आपल्याकडे येणे आहे.