आकडा कोणाच्या रक्तातला?

अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन गर्भाच्या यकृतात भरपूर तयार होतं. जन्मानंतर ते झपाट्याने उतरतं आणि मोठ्या माणसाच्या रक्तात नावापुरतंच उरतं. १९६३ साली मॉस्कोत गॅरी आबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांत ते पुन्हा आढळलं. पुढच्याच वर्षी आस्त्राखानच्या युरी तातारिनोव्ह यांनी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तात ते दाखवून दिलं. गर्भावस्थेनंतर मिटलेली जनुकं कर्करोगात पुन्हा उघडू शकतात, हे त्यातून उमगलं.

आज या प्रथिनाची रक्ततपासणी 'एएफपी' या नावाने शहरातल्या बहुतेक लॅबमध्ये होते. रिपोर्टवर एक आकडा, शेजारी नॉर्मलची मर्यादा. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो ठळक छापतात. घरच्यांची नजर नेमकी तिथेच जाते आणि पोटात गोळा येतो. पण गरोदर बाईच्या रक्तात तो वाढलेला असणं स्वाभाविकच आहे. हिपॅटायटिसने यकृत सुजलं असेल तरी तो वाढतो. उलट, कर्करोग असूनही कित्येकांचा आकडा जागचा हलत नाही. गाठ लहान असताना, म्हणजे उपचाराला सर्वांत वाव असताना, तर विशेषच.

समजा, वरवर निरोगी अशा १०,००० लोकांत पाच जणांना हा कर्करोग आहे आणि तपासणी निरोग्यांपैकी शंभरात पाच जणांवर उगाच बोट ठेवते. मग पाच रुग्णांच्या शोधात सुमारे ५०० धडधाकट माणसं स्कॅनच्या आणि काळजीच्या फेऱ्यात अडकतील. सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये मात्र हीच तपासणी दर सहा महिन्यांनी, सोनोग्राफीच्या जोडीने केली, तर गाठ वेळेत हाती लागण्याची शक्यता वाढते. प्रथिन तेच, यंत्रही तेच. माणूस बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो.

म्हणूनच 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात एएफपीसारखे कॅन्सर मार्कर सरसकट घालणं मला गैर वाटतं. त्यातून निरोग्याच्या पदरी भीती पडते. आणि ज्याला खरी गरज आहे, त्या सिरॉसिसच्या रुग्णाला सहामाही सोनोग्राफीसाठी तालुक्याहून जिल्ह्याला खेटे घालावे लागतात. नवे मार्कर जरूर शोधावेत. पण तपासणी कोणाची करायची आणि आकडा वाढलेला निघाला तर त्या माणसासाठी पुढे काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं. ते ठरलेलं नसेल, तर रक्त काढूच नये.